शून्य विचलनाची इमारत

दादासाहेबांना विद्यापीठात प्रवेश मिळाला तो पालकांच्या सहीनं. पालक म्हणजे त्यांची बायको.

हे असं का झालं ते आधीच सांगायला हवं, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतात. दादासाहेब मालवाहतुकीच्या एका कंपनीत हेडक्लार्क. ऑफिसात सगळे त्यांना दादासाहेब म्हणत, इमारतीतही तेच, आणि बायको 'अहो' म्हणे. त्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुणाच्या लक्षात राहिलेलं नव्हतं. यंदा कंपनीनं 'विश्लेषण कक्ष' नावाची एक काचेची खोली बांधली. त्या खोलीत बसायला डेटा अॅनालिटिक्सची पदविका लागणार होती. वर्षअखेर पदविका हातात असली तर दादासाहेब काचेच्या आत. नसली तर आत त्यांचा कालपरवापर्यंतचा मदतनीस, आणि दादासाहेब तळमजल्यावर आवक-जावकच्या खिडकीत, टपालावर शिक्के मारत. ज्याला आपण रजेचा अर्ज लिहायला शिकवलं, त्याच्याकडून आपली रजा मंजूर करून घ्यायची, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्यांनी खांद्याला दप्तर लावलं.

अर्ज संगणकावर भरायचा होता. त्यात जन्मसाल निवडायचं होतं, पण सालांची ती यादी दादासाहेबांच्या सालापर्यंत पोचायच्या आधीच संपत होती.

"सिस्टीम घेत नाही," खिडकीतला कारकून म्हणाला.

"पण मी जन्मलोय."

"जन्मला असाल. सिस्टीम घेत नाही."

दादासाहेब स्वतः जुने कारकून. या उत्तरातलं कसब त्यांना बरोबर कळलं आणि क्षणभर त्यांना कौतुकही वाटलं. शेवटी यादीतलं सगळ्यात जुनं साल टाकून ते थोडे तरुण झाले, आणि गाडी हमीपत्रावर येऊन अडली. विद्यार्थी गैरवर्तन करणार नाही, अशी हमी पालकांनी द्यायची होती.

"वडील?"

"वारले."

"आई?"

"तीही."

"मग घरात तुम्ही ऐकता कुणाचं?" कारकुनानं वर न बघता विचारलं.

दादासाहेबांनी सवयीनं मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि तिथंच निकाल लागला. तिनं पिशवी खाली ठेवून सही केली. विद्यार्थ्याशी नातं या रकान्यात आई, वडील आणि इतर एवढेच पर्याय होते. त्यामुळे इतक्या वर्षांच्या संसारानंतर वहिनी (सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणते, तेव्हा आपणही म्हणू) 'इतर' झाल्या. याचा त्यांनी पुढे घरात बराच उपयोग करून घेतला.

वर्गातली पोरं दादासाहेबांना काका म्हणायला लागली. फाटकावरचा रखवालदार त्यांना रोज न चुकता पालकांच्या बाकाकडे पाठवायचा, आणि ओळखपत्र दाखवलं तरी एकदा फोटोकडे, एकदा त्यांच्याकडे बघून मान हलवायचा. हे सगळं दादासाहेबांनी गिळलं. त्यांना खात्री एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे अभ्यासाची. बाकीची पोरं लॅपटॉप उघडून, कानात बोंडं घालून काहीतरी करत बसायची. याला दादासाहेब अभ्यास म्हणायला तयार नव्हते. अभ्यास म्हणजे पहाटे उठायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि ताठ उभं राहून खड्या आवाजात पाठ करायचं. शाळेत ते असेच पहिले आले होते. पाढे असोत नाहीतर डेटा, त्यांच्या मते तत्त्व एकच.

तेव्हा रोज पहाटे पावणेपाचला दादासाहेब मागच्या गॅलरीत उभे राहायचे. ही गॅलरी इमारतीच्या पोटातल्या मोकळ्या चौकात उघडत होती. प्रत्येक घराची झोपायची खोली आणि स्वयंपाकघर याच चौकाला लागून होतं, आणि खाली कुणी चमचा पाडला तरी वर गच्चीवर ऐकू जाई. तिथं उभं राहून दादासाहेब गर्जायचे, "प्रमाण विचलन म्हणजे सरासरीपासून मूल्ये किती पांगली आहेत याचे माप! प्रमाण विचलन म्हणजे..." तीनतीनदा. मग मध्यक. मग बहुलक. अवघड व्याख्येला आवाज आणखी चढायचा, कारण अवघड गोष्ट जरा दटावूनच पाठ होते.

सहामाहीला प्रोजेक्ट आला. आपल्या आसपासचा डेटा स्वतः गोळा करायचा, त्यात काही आकृतिबंध दिसतो का ते शोधायचं आणि वर्गासमोर मांडायचं. सहामाहीचं पास-नापास त्यावरच होतं.

विषयाची चर्चा जिन्यात झाली. शेजारचे विमा एजंट म्हणाले, "दादासाहेब, माझं ऐका. घरोघरी जाऊन विचारा, कुणाचा विमा उतरलाय आणि कुणाचा नाही. तुमचा प्रोजेक्ट होईल, आणि नाही म्हणणाऱ्यांचे नंबर तेवढे मला द्या." वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना हस्ताक्षराचा ऱ्हास हा विषय फार जिव्हाळ्याचा वाटत होता. तळमजल्यावरचे काका नेहमीप्रमाणे सगळ्यांकडे बघून प्रसन्न हसत होते. काकांना ऐकू येत नसे. अगदी शेजारी फटाक्यांची माळ लागली तरी ते फक्त धुराकडे बघून विचारत, कुठं जळतंय का. पण जिन्यात चार माणसं जमली की खुर्ची घेऊन यायचे आणि ओठांकडे बघत बसायचे.

दादासाहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या मनाचा विषय घेतला. 'रहिवाशांची जागे होण्याची वेळ'. ते स्वतः पहाटे उठत असल्यामुळे बाकीचे किती आळशी आहेत हे एकदा शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध व्हावं, असा त्यात थोडा डाव होता. प्रत्येक दाराला आतून एक कागद चिकटवला. रोज सकाळी जाग आली की वेळ लिहायची, खोटं लिहायचं नाही.

कागद गोळा करून दादासाहेब टेबलाशी बसले, आणि त्यांची बोटं थांबली. सगळी इमारत पावणेपाचला उठत होती. एजंट पावणेपाच. शिक्षिकाबाई पावणेपाच. रात्रपाळी करून पहाटे तीनला घरी येणारा, समोरच्या नर्सबाईंचा नवरासुद्धा पावणेपाच, आणि त्याच्या पुढे त्यानं का कोण जाणे, उद्गारचिन्ह काढलं होतं. रविवारीसुद्धा तेच. दोन अपवाद वगळून प्रमाण विचलन काढलं तर शून्य आलं.

दादासाहेबांचा ऊर भरून आला. आपण ज्यांना आळशी समजत होतो ती माणसं इतकी शिस्तीची निघाली! ते लगेच जिन्यात गेले.

"एजंटसाहेब, तुम्ही रोज पावणेपाचला उठता? मला कधी बोलला नाहीत!"

एजंटांचे डोळे लाल होते. "सवय लागली हो."

"पण कशी?"

"सगळी तुमचीच कृपा," एजंट म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी दार जरा जोरातच लावलं.

दादासाहेब संकोचून घरी आले. "अगं, माझ्याकडे बघून लोक सुधारले," ते वहिनींना म्हणाले. वहिनी भाजी चिरत होत्या. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली, काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा सुरी उचलली.

या सुंदर डेटात दोनच डाग होते. एक म्हणजे तळमजल्यावरचे काका. ते निवांत साडेसातला उठत. दुसरा म्हणजे मधला एक आठवडा. त्या आठवड्यात सगळ्या इमारतीचं ताळतंत्र सुटलं होतं. कुणी साडेसहा, कुणी सात, आणि रात्रपाळीवाल्यानं तर एका दिवशी दुपारचे बारा लिहून पुढे फूल काढलं होतं. पुस्तकात म्हटलं होतं की विश्लेषणाच्या आधी डेटा साफ करावा, इतरांशी अजिबात न जुळणारी मूल्यं तपासून गरज पडल्यास काढून टाकावीत. दादासाहेबांनी 'तपासून' हा शब्द ओझरता वाचला आणि 'काढून टाकावीत' यावर पेन्सिलीनं जाड रेघ मारली. काका गेले. तो आठवडाही गेला. उरलेला डेटा आरशासारखा लख्ख झाला, आणि दादासाहेबांनी निष्कर्ष लिहिला, 'जुन्या इमारतीतील रहिवासी नैसर्गिकरीत्या शिस्तप्रिय असतात.' वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे पाठही केलं. चार वेळा.

प्रोजेक्ट दिल्यावर विभागातून फोन आला. पण दादासाहेबांना नाही, पालकांना.

"आपल्या पाल्याच्या गैरवर्तनासंबंधी भेटायला या," पलीकडून आवाज आला. वहिनींनी शांतपणे वेळ विचारून घेतली, फोन ठेवला आणि पाल्याला म्हणाल्या, "कपडे बदला. तुमचं नाव आलंय."

वाटेत दादासाहेबांनी हजार शक्यता तपासल्या. वर्गात डुलकी? ती सगळेच काढतात. रखवालदाराशी चढा आवाज? तो एकदाच. आयुष्यात त्यांनी ऑफिसची पेन्सिलसुद्धा घरी आणली नव्हती.

प्रोजेक्ट तपासणाऱ्या मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या होत्या. टेबलावर प्रोजेक्ट उघडा होता.

"बसा. पालक तुम्ही का?" त्यांनी वहिनींना विचारलं, आणि एवढं विचारल्यावर स्वतःचा चेहरा पुन्हा गंभीर करायला त्यांना जरा वेळ लागला. "हे बघा, हा डेटा बनवलेला आहे. सगळी घरं, सगळे दिवस, पावणेपाच. माणसांचा डेटा असा नसतो. असा डेटा फक्त घरी बसून भरलेला असतो. नियमाप्रमाणे मला यांना नापास करावं लागेल, आणि तसा शेरा कायमचा राहील."

दादासाहेब उभे राहिले. त्यांना एका क्षणात काचेची खोली दिसली, आत तो मदतनीस दिसला आणि आवक-जावकची खिडकी दिसली. पण खरं सांगायचं तर या कशापेक्षाही 'बनवलेला' हा शब्द त्यांना जास्त लागला.

"मॅडम, मी अडाणी असेन. खोटा नाही. एकेका दारावरून मी हे कागद हातानं काढून आणलेत."

"मग मूळ नोंदी दाखवा."

त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढला. मॅडम एकेक कागद उलटत गेल्या, अक्षरं वेगळी होती, शाई वेगळी होती, एका कागदावर आमटीचा डाग होता. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली, आणि त्या काढून टाकलेल्या कागदांवर थांबल्या.

"हे साडेसातवाले गृहस्थ का काढलेत?"

"ते तळमजल्यावरचे काका. त्यांचं काही धरू नका, मॅडम. त्यांना ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि हा आठवडा?"

"तो बिघडलेला आठवडा आहे. त्या वेळी मी आजारी होतो, लक्ष देता आलं नाही. घसा असा बसला होता की तोंडातून शब्द फुटत नव्हता."

मॅडमनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी छतावरच्या पंख्याकडे बघत होत्या.

"तुम्ही अभ्यास कसा करता हो?"

"पाठ करून."

"मनात?"

"मनात कसं? मनात केलेला अभ्यास मनातच राहतो. खणखणीत म्हणावं लागतं. मागच्या गॅलरीत उभं राहून, रोज पहाटे बरोबर पावणेपा..."

पुढचं अक्षर आलंच नाही. दादासाहेब सावकाश खाली बसले.

"तू मला सांगितलं का नाहीस?" शेवटी त्यांनी वहिनींना विचारलं.

"काय सांगणार? घसा बसला होता तेव्हाच बघितलं ना मी. त्या आठवड्यात घोकता येईना, तर तुम्ही जेवतसुद्धा नव्हता. म्हणायचात, आता सगळं विसरणार आणि खिडकीत बसणार. त्याच्याआधी तुम्ही ऑफिसात असताना एजंट भांडायला आले होते. मग मीच घरोघरी गेले. म्हटलं, यांना असंच येतं, दुसऱ्या कशानं येत नाही. परीक्षेपर्यंत सांभाळून घ्या."

"आणि ते काय म्हणाले?"

"शिक्षिकाबाई म्हणाल्या, उच्चार शुद्ध आहेत, चालेल. रात्रपाळीवाला काही बोललाच नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. एजंट म्हणाले, आधी पास होऊ द्या, मग भांडतो."

दादासाहेबांना लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. आणि त्या लाजेच्या तळाशी असं काहीतरी भरून आलं की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. इतकी माणसं आपल्यासाठी अर्धवट झोपेत उठत होती, आणि आपण त्यांच्या दारावर कागद चिकटवून आलो होतो.

मॅडमनी गठ्ठा नीट लावून त्यांच्या पुढे सरकवला. "डेटा खरा आहे. निष्कर्ष खोटा आहे. खरा लिहून वर्गासमोर मांडा, मी पास करते. पण जे काढून टाकलंत ते परत घाला. सगळं त्यातच आहे. आणि कारण स्पष्ट लिहायचं."

कारण स्पष्ट लिहिणं दादासाहेबांना जड गेलं. त्यांनी आधी 'ध्वनी' लिहिलं, खोडलं. मग 'मानवी ध्वनी' लिहिलं. 'एका रहिवाशाचा मानवी ध्वनी' इथपर्यंत ते आले, तेव्हा वहिनी खांद्यावरून डोकावून म्हणाल्या, "नाव घाला, म्हणजे मोकळे व्हाल." म्हणून शेवटी पगारपत्रक आणि ओळखपत्र सोडून त्यांचं पूर्ण नाव पहिल्यांदाच कुठं छापलं गेलं, तेही 'कारण' या मथळ्याखाली.

वर्गासमोर ते इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. पहिला तक्ता दाखवला, सगळी इमारत पावणेपाचला. मग काका दाखवले. मग घशाचा आठवडा. पोरांना पुढचं कळायच्या आत त्यांनी ताठ मानेनं सांगून टाकलं, "कारण मी आहे." आणि जो हशा उसळला त्यात मॅडमही सामील झाल्या. दादासाहेब हसले नाहीत. हेडक्लार्कनं चूक मान्य करायची असते, तिच्यावर हसायचं नसतं. मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "काका, आमच्या सगळ्यांत तुमचाच प्रोजेक्ट खरा निघाला," तेव्हा 'काका' हा शब्द त्यांना पहिल्यांदाच खटकला नाही.

ते सहामाहीत पास झाले. एजंट ठरल्याप्रमाणे भांडायला आले, पण पेढ्यांचा बॉक्स समोर आल्यामुळे भांडण म्हणावं तसं रंगलं नाही. पदविकेचा शेवटचा पेपर अजून बाकी होता. पण दादासाहेबांनी शपथ घेतली, यापुढे मनात वाचायचं. पहाटे ते गॅलरीत बसत आणि ओठ घट्ट मिटून पानाकडे बघत. पान त्यांच्याकडे बघे. डोक्यात काही शिरत नसे. काचेची खोली पुन्हा धूसर व्हायला लागली होती, पण त्याबद्दल त्यांनी ब्र काढला नाही. इमारत झोपली होती आणि ती त्यांना झोपू द्यायची होती.

अशाच एका पहाटे दारावर थाप पडली. दारात तळमजल्यावरचे काका, जिना चढून धापा टाकत. दोन्ही कानांत नवी कोरी यंत्रं.

"कुठंय?" काकांनी विचारलं.

"काय काका?"

"तुझं ते म्हणणं. सगळी इमारत ऐकते. शिक्षिकाबाई जिन्यात भेटल्या की बोटांनी खुणा करून सांगायच्या, आज सरासरी झाली, आज मध्यक झाला. मी एकटाच राहिलो होतो. लेकाच्या मागे लागून मशीन बसवून घेतलं. कालपासून पावणेपाचला उठून बसतोय, आणि तू गप्प!"

"काका, मी आता मनात वाचतो."

"काय?"

"मनात वाचतो!" दादासाहेब जुन्या सवयीनं ओरडले.

चौकात वरखाली दिवे लागत गेले. दादासाहेबांनी कपाळावर हात मारला.

"ओरडतोस कशाला, ऐकू येतंय मला," काका म्हणाले आणि आत जाऊन गॅलरीतल्या खुर्चीवर ऐसपैस बसले. "हं, म्हण."

दादासाहेबांनी वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या पालकांनी मान हलवून परवानगी दिली आणि चहाचं आधण ठेवलं.

"दोन गोष्टी एकत्र घडतात," दादासाहेबांनी अगदी हळू सुरुवात केली, "म्हणून..." आणि इतक्या दिवसांच्या मुकेपणामुळे पुढचं आठवेना.

"म्हणून एक दुसरीचे कारण असतेच असे नव्हे," वरच्या खिडकीतून शिक्षिकाबाईंचा स्वच्छ आवाज आला.

"अहो, तो धडा कधीच झालाय!" शेजारून एजंट झोपाळलेल्या आवाजात खेकसले. "उठवलंच आहे तर निदान पुढचं तरी घ्या!"

"माझा नाही झालेला," काकांनी खुर्चीतून ठणकावलं. "पहिल्यापासून घे."

चौकात एक खिडकी करकरली, पण ती मिटायच्या बाजूनं नव्हती. दादासाहेबांनी पुस्तक मागे उलटत पहिल्या पानावर आणलं, ताठ उभे राहिले आणि घसा साफ केला.